निव्वळ

भरलेली गाडी वजा रिकामी गाडी
म्हणजे निव्वळ.
एवढंच गणित येतं मला, जागेश्वर ढोकला,
आणि त्याच्याच भरवशावर एकवीस वर्षं
कोळझरी फाट्यावरचा धरमकाटा चालवतो मी.

आधी इथं तोलायला फारसं काही नसायचं.
अडाणच्या रपट्यावर पाणी चढलं
की आठ-आठ दिवस काट्यावर कुत्री झोपत,
आणि काटा इमानदार, त्यांचंही दाखवी:
दोन कुत्री, तीस किलो.
मी पावती फाडत नसे, इतकंच.

मग रस्ता आला.
म्हणजे आधी मुरूम आला, गिट्टी आली,
सळया, सिमेंट, वाफाळतं डांबर;
चौदा महिने डोळ्याला डोळा नाही.
पूल झाला. मांडवातले पाहुणे म्हणाले,
रस्त्यामागून कारखाने येतात
जशी बैलामागून बंडी.

पहिल्या हंगामात बैल तर आला.
बंडी काही दिसेना.
आले ते व्यापारी, थेट बांधापर्यंत,
क्विंटलमागे दोनशे जास्त देऊन
तूर उचलून अकोल्याला घेऊन गेले.
खोटं कशाला बोलू, दोनशे जास्तच दिले.
पण मुंदड्यांच्या जिनातले रेचे त्याच वर्षी थांबले:
कापूसही आता सरळ पुढंच जाऊ लागला
मोठ्या जिनांकडे, न थांबता.
रस्त्याला तोंड कुठलं, शेपूट कुठलं,
माझ्या काट्याला कळत नाही.

आणि डाळ परत यायची.
आमचीच तूर, पॉलिश लावून,
चकचकीत पिशवीत, दुप्पट भावानं.

कौतिका उईके अकोल्याच्या दालमिलमध्ये
अकरा वर्षं निवडणीला होती.
परतली ती एक जुनं यंत्र घेऊन.
एमआयडीसीच्या सात नंबरच्या प्लॉटवर,
जिथं पाटीखेरीज काही उगवलं नव्हतं,
तिनं टिनाचं शेड ठोकलं.
रस्ता दारात. पाणी नळाला.
लाइन मात्र दिवसाची चार तास,
त्यातही मन मानेल तेव्हा दोनच फेज.
मोटर जळाली. भरून आणली. परत जळाली.
तिसऱ्यांदा जळाली तेव्हा
ती टेम्पोत टाकून माझ्याकडे आली.
"तोलून दे."
"भंगारात देतं काय वो?"
"नाही. सायबाले दाखवाची हाये.
जळाली त किती किलोची जळाली, लिवून दे."

ऐंशी किलो, निव्वळ.
ती पावती तिनं प्रत्येक अर्जाला जोडली.
सतरा अर्ज, सतरा झेरॉक्स.
उपकेंद्र त्या पावतीमुळे आलं असं मी म्हणणार नाही,
त्या साली निवडणूकही होती.
पण आलं. तारा ओढल्या, वेगळा फीडर निघाला,
आणि शेडमधून एक आवाज सुरू झाला
जो संध्याकाळपर्यंत तुटला नाही.
फाट्यावर उभे राहून आम्ही तो ऐकला,
कोणी काही बोललं नाही.

मागल्या फेब्रुवारीत तिची पहिली गाडी
काट्यावर चढली.
आत गेलेली तूर माझ्याच वहीत आहे: शंभर क्विंटल.
बाहेर निघाली डाळ: बहात्तर.
ड्रायव्हर परमुलखातला. म्हणाला, काका,
एवढ्या लांब आलो आन् गाडी अर्धीच भरली.
काटा तपासा एकदा.

काटा बरोबर होता.
अठ्ठावीस इथंच राहिलं होतं:
चुनी गोठ्यांच्या टोपल्यात,
फोलपट वीटभट्टीवर.
शिवाय नऊ बायांची हजेरी,
ती कुठल्याच काट्यावर उमटत नाही.
मी त्याला एवढं सांगत बसलो नाही.
तो पावतीवर सही न करता, रागातच गेला.

चाळीस प्लॉट आहेत. एकोणचाळीसात अजून
शेळ्या चरतात, पाट्यांना अंग घासतात.
दर महिन्याला कोणी ना कोणी मोटारीतून उतरतं,
टेप लावतं, फोन लावतं, निघून जातं.

कुत्री मात्र काट्यावरून उठलीत.
आता ती सात नंबरच्या दारात झोपतात,
चुनीच्या पोत्याला पाठ लावून.
त्यांचं वजन वाढलं असावं.
तोलून पाहायला हवं एकदा.